थांबवायचं नाही ना?

वाचनालयातला कॉम्प्युटर सोमवारी सकाळी रुसला. चालू व्हायचा, पंखा घरघरायचा, आणि मग निळ्या पडद्यावर तेच तुणतुणं: परवाना संपला आहे, इंटरनेटला जोडा. जोडा म्हणे! इथं फोनसुद्धा टपाल कचेरीत एकच, आणि जरा वारा सुटला की त्यात नुसती खरखर. रस्ता जिथं संपतो आणि बस जिथं तोंड फिरवते, तिथली ही वस्ती. पाठीशी डोंगर असा उभा की शहराकडून येणारं काहीही त्याच्या पलीकडेच बसून राहतं. बाईंनी कॉम्प्युटर तीनदा बंद केला, तीनदा चालू केला आणि शेवटी हात टेकले.

बाई म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपाल. वय बेचाळीस, आवाज बारीक, शिस्त कडक. सहा हजारांवर पुस्तकं, लाकडी कपाटांच्या अकरा रांगा, खिडकीपाशी लांब टेबल आणि त्या टेबलाशी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बसलेले पेपरवाले आजोबा. निवृत्त झाल्यापासून त्यांनी चारही वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचायचं व्रत घेतलं होतं.

"फेकून द्या ते डबडं," आजोबा चष्म्यावरून म्हणाले. "वह्या होत्या तेव्हा काय अडत होतं?"

"तुम्हाला हवं ते पुस्तक चार-चार महिने सापडत नव्हतं, ते अडत होतं," बाई म्हणाल्या. आजोबा पुन्हा जाहिरातींत शिरले.

पण कॉम्प्युटर न फेकण्याचं खरं कारण ते नव्हतं. तो कॉम्प्युटर धाकट्यानं बसवलेला होता.

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ, त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला एकच वेड: फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. कुणी फुकट म्हटलं की मात्र तो उसळायचा. "फुकट नाही, मुक्त! कुणाच्या परवानगीवाचून वापरायची, आतून हवी तशी बदलायची, दुसऱ्याला उतरवून द्यायची." वाचनालयाच्या मागच्या टेबलाशी बसून तो त्या सिस्टीमची वाक्यं एकेक करून मराठीत करायचा. झालं तेवढं पेनड्राइव्हमध्ये घालून सकाळच्या बसनं शहरात पाठवायचा. तिथं त्याच्यासारख्याच वेड्यांचं एक मंडळ होतं, ते पुढं पाठवायचं. इंटरनेट नसलेल्या माणसानं इंटरनेटवाल्यांसाठी एवढं खपायचं म्हणजे कमालच, असं बाई म्हणायच्या; आणि मनातून त्यांना त्याचा केवढा अभिमान होता!

भांडणंही व्हायची. त्याला वाटायचं, मशीननं माणसाला 'तू' म्हणावं, घरच्यासारखं. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वाचनालयात म्हाताऱ्याकोताऱ्यांना मशीन अरेतुरे करणार? तुम्ही लिही." त्यानं मुकाट्यानं सगळीकडे 'तुम्ही' केलं. बाईमाणूस बसलंय की बुवा, हे मशीनला कुठून कळणार? म्हणून 'आला आहात', 'आल्या आहात' असलं काहीही येऊ न देता वाक्यं जुळवताना तर त्याच्या नाकी नऊ आले. तेही त्यानं केलं.

एका प्रश्नावर मात्र पुरता घोळ झाला. काम चालू असताना मशीन मध्येच विचारायचं, थांबवायचं का? हो म्हटलं की थांबायचं. बाईंना ते उर्मट वाटलं. "चाललेल्या कामात असं कुणी विचारतं का? आपण घरात कसं विचारतो, 'थांबवायचं नाही ना?' तसं लिही." त्यानं तसं लिहिलं. आता घरात 'थांबवायचं नाही ना?' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो, म्हणजे हो, चालू दे. मशीनला मात्र 'हो' म्हणजे थांबव, एवढंच ठाऊक. दुसऱ्याच दिवशी आजोबांनी ऐटीत 'हो' दाबलं आणि छापत आलेलं त्यांचं चार पानी निवेदन गडप झालं. धाकटा पोट धरधरून हसला.

"तायडे, मशीनला तुझा 'ना' कळत नाही!"

"मग मशीन बदल. माझी भाषा नाही बदलायची."

"बरं बाई! शब्द तुझेच ठेवतो, आतला अर्थ उलटा करतो. मग 'हो' म्हटलं की चालू राहील आणि 'नाही' म्हटलं की थांबेल. झालं समाधान?"

ती दुरुस्ती पेनड्राइव्हमध्ये घालून तो सकाळच्या बसनं शहरात गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. जाताना मशीनवर एका सीडीवरून काहीतरी उतरवायला लावून गेला होता. "प्रश्न विचारेल, तेव्हा 'नाही' दाब. अजून जुनंच आहे, लक्षात ठेव," असं दारातून दोनदा बजावून गेला. दुपारी बाई पुस्तकांच्या गराड्यात होत्या. पडद्यावर प्रश्न आला, थांबवायचं नाही ना? आणि जिभेच्या सवयीनं त्यांच्या तोंडून आधी आलं 'हो हो', आणि बोटानंही तेच दाबलं. काम थांबलं. कपाळ माझं, बाई म्हणाल्या. आता आला की रागावणार. रागावला की तो त्यांना 'आपण' म्हणायचा, परक्या माणसाला म्हणावं तसं. 'आपणच दाबलंत ना?' ते तेवढं त्यांना सोसायचं नाही.

साडेचारची बस आली. धाकटा उतरलाच नाही. कंडक्टर म्हणाला, शहरात चढला होता, मागच्या सीटवर छत्री घेऊन बसला होता, तिकीटही काढलं होतं. शेवटच्या वळणानंतर बस कुठंही थांबली नव्हती. आठ दिवस माणसं दऱ्याखोऱ्या धुंडाळत होती. बुटाचा बंदसुद्धा मिळाला नाही.

तेव्हापासून आई रोज बसचा आवाज आला की दारात येऊन उभी राहते. घर वाचनालयाच्या पाठीलाच. आईला आता नीट दिसत नाही, छातीचं दुखणं मागं लागलंय, डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगून झालंय. पण बस आली की ती भिंतीला धरत धरत येते आणि विचारते, "आला का गं?" बाई म्हणतात, "आज नाही." आई 'बरं' म्हणून आत जाते. आई आहे तोवर तो यावा, नाहीतर निदान काय झालं ते तरी कळावं, एवढंच बाईंचं मागणं होतं. ते कुणाकडे मागायचं, तेवढं ठाऊक नव्हतं.

धाकटा गेल्यावर कॉम्प्युटर एकदा बिघडला, तेव्हा शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं त्याची सिस्टीम पुसून परवान्याची घातली होती; ती आता अडली होती. तरी तो बाई फेकणार नव्हत्या. त्यांनी मंडळाला चिठ्ठी लिहिली आणि मंगळवारी सकाळी कंडक्टरच्या हातात दिली. दुपारी साडेचारच्या बसनं कागदी पाकिटातली सीडी आली. मंडळातले दाढीवाले काका धाकट्याला ओळखायचे. पाकिटावर त्यांनी लिहिलं होतं, 'नवीन आहे. परत करू नका. आवडली तर दुसऱ्याला उतरवून द्या.'

बुधवारी बाईंनी सीडी घातली. पडदा काळा झाला, उजळला, आणि मधोमध मराठी अक्षरं आली. 'जरा दम धरा, मांडामांड चालू आहे.'

बाईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरले. हे वाक्य त्याचंच. दुसऱ्या कुणी 'कृपया प्रतीक्षा करा' लिहिलं असतं. तासाभरात सिस्टीम बसली. धाकट्यानं पुस्तकांची यादी वेगळ्या सीडीवर जपून ठेवलेली होती, तीही निघाली. फक्त ती यादी उघडायला लागणारा प्रोग्रॅम यात नव्हता. 'यासाठी आधी २३ पॅकेजेस लागतील,' मशीन म्हणालं. 'यादी पेनड्राइव्हमध्ये लिहून देऊ?'

इंटरनेट असतं तर मशीननं ती पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, स्वतःच आणली असती. नसलं की अशी पद्धत. यादी पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह कंडक्टरच्या खिशात, कंडक्टर शहरात, काका तेवीस वस्तू उतरवून देणार, आणि दुपारच्या बसनं सगळं परत. एक फेरी, एक दिवस. धाकटा हे वर्षानुवर्षं करत होता. आता बाईंनाही त्यात मजा वाटायला लागली. गुरुवारी यादी गेली, गुरुवारी तेवीस पॅकेजेस आली. बाईंनी बसवली. मशीन म्हणालं:

'आणखी १ लागेल.'

नाव इंग्रजी अक्षरांचं, वाचता न येण्याजोगं. खाली वर्णन मराठीत: 'चष्म्याचं घर, रबर लावलेलं.'

धाकट्याची असली चेष्टा करायची खोड होती. कुणाला न सांगता कुठंतरी काहीतरी लिहून ठेवायचा. बाईंनी यादी पाठवली. दुसऱ्या दिवशी पॅकेज आलं, सोबत काकांची चिठ्ठी. 'बाई, या नावाचं काही आमच्या साठ्यात नाही. तरी मागितलं तर उतरलं. तुम्हीच बघा.'

बाईंनी ते बसवलं. शनिवारी दुपारी बस आल्यावर कंडक्टरनं काहीतरी पुढं केलं.

"मागच्या सीटखाली होतं. तुमच्या भावाचंच ना? त्याच्याकडे बघितल्यासारखं वाटतंय."

काळं घर, बिजागरी मोडलेली, म्हणून वरून रबर लावलेलं. रबर नवीन होतं, ताणलं की उडत होतं.

"तीन वर्षं तिथंच पडलं असेल," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं मान खाजवली. "ही बस गेल्या वर्षी आलीय, बाई. जुनी भंगारात गेली."

त्या रात्री बाईंना झोप अशी लागलीच नाही. सकाळी, रविवार असून, त्या वाचनालयात गेल्या. मशीन चालू केलं तर पुढची यादी तयार. 'आणखी १ लागेल. वर्णन: करडी छत्री, एक काडी वाकलेली.' कुणीतरी चेष्टा करतंय. शहरातलं कुणीतरी, मंडळातलं कुणीतरी. बाई तडक टपाल कचेरीत गेल्या, पोस्टमास्तरांना घरातून उठवून आणलं आणि काकांना फोन लावला.

"मी कशाला असली चेष्टा करीन, बाई?" खरखरीतून काकांचा आवाज आला. तो घाबरलेला वाटत होता. "त्या यादीतलं मला काही वाचताही येत नाही. मी फक्त पेनड्राइव्ह लावतो. पाठवणं बंद करू का?"

"नको," बाई म्हणाल्या. मग त्यांनाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

छत्री मंगळवारी आली. कंडक्टरनं ती लांब धरून दिली. कोरडी होती. बाईंनी ती उघडली नाही, काडी बाहेरूनच चाचपून बघितली आणि कपाटाच्या मागे उभी करून ठेवली. मग पडद्यापुढे येऊन बसल्या. पेपरवाले आजोबा मागून डोकावले.

"हे काय, मशीन अरेतुरे करायला लागलं की तुमचं!"

पडद्यावर लिहिलं होतं, 'जरा दम धर.'

बाईंनी सिस्टीमची पुस्तिका उघडली, सेटिंगा चाळल्या, भाषा कुठं बदललीय का ते बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी चहा प्यायला, दोन पुस्तकांवर शिक्के मारले, उगाच खिडकी उघडून पुन्हा लावली. बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. परत आल्या तेव्हा ओळ बदललेली होती.

'बसलीस? यादी देतो.'

बसलीस. बाई त्या एका शब्दाकडे बघत राहिल्या. मशीनला काय माहीत समोर बाई आहे की बुवा? हे असं कुठंही येऊ नये म्हणून तर त्यानं महिनेच्या महिने घालवले होते. आणि 'देतो'.

यादीत एकच ओळ होती. 'वर्णन: खोकला.'

बाईंनी ती पाठवली. दुसऱ्या दिवशी आलेलं पॅकेज बसवलं. काहीच झालं नाही. वाचनालय नेहमीच्या वेळी बंद करून त्या घरी गेल्या. आई अंधूक डोळ्यांनी दाराकडे बघत बसली होती.

"घसा कसला बसलाय गं त्याचा," आई म्हणाली. "दुपारपासून पुस्तकांत खोकतोय नुसता. गरम पाणी नेऊन दे."

बाईंनी आईला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवव्या रांगेपाशी त्यांनी स्वतः ऐकला. कोरडा, दोन ठोक्यांचा, दुसरा ठोका जरा दाबलेला, जसा वाचनालयात धाकटा नेहमी दाबायचा. आजोबांनी पेपर खाली केला, रांगेकडे बघितलं आणि पेपर पुन्हा वर घेतला. तो उलटा होता.

पुढची यादी छोटी होती.

'शेवटचं १. वर्णन: उरलेलं. आकार: ६१ किलो.'

आकार किलोबाइटमध्ये असतो. बाइट लिहायचं राहिलं असेल, असं बाईंनी स्वतःला बजावलं. मग वाचनालयाच्या जुन्या वजनकाट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रद्दी तोलायचा काटा तो. भिंतीवर पेन्सिलीनं धाकट्यानं स्वतःचं वजन लिहून ठेवलं होतं, तारखेसकट. एकसष्ट.

ते पॅकेज दुसऱ्या दिवशी साडेचारला आलं. कंडक्टरनं पेनड्राइव्ह दिला. तो पूर्वीएवढाच हलका होता.

"बाई, एक विचारू? येताना मागची सीट दबल्यासारखी दिसते. कुणी बसलंय असं वाटतं. मी सीट उचलून बघितली. खाली काही नाही."

"उद्यापर्यंत कळेल," बाई म्हणाल्या.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पडदा बराच वेळ रिकामा होता. मग एकेक ओळ आली.

'तायडे, सगळं जमलं.'

'उद्याच्या बसनं आणतो. उरलेला वेळ: २४ तास.'

'वेळ संपेपर्यंत उत्तर आलं नाही, तर थांबवलं असं धरलं जाईल.'

आणि खाली त्यांचंच वाक्य, त्यांनी घरातून उचलून दिलेलं:

'आणणं थांबवायचं नाही ना?'

दोन बटणं. हो. नाही.

बाईंचं बोट उठलं आणि हवेतच राहिलं. कारण आता एकच गोष्ट कळायला हवी होती. धाकट्यानं त्या दिवशी दुरुस्ती मंडळात पोचवली की नाही? पोचवली असेल, तर ती या नव्या सीडीत आहे, आणि 'हो' म्हणजे चालू दे. पोचवली नसेल, तर अजून जुनंच आहे, आणि 'हो' म्हणजे थांबव. प्रश्नाचे शब्द दोन्हीकडे तेच. त्यानं शब्द राखले होते, बहिणीचा हट्ट म्हणून.

त्यांनी दुसरं एखादं काम सुरू करून, मध्येच थांबवून पाहायचं ठरवलं. मशीन म्हणालं, 'आधी याचं उत्तर दे.'

टपाल कचेरी बंद झाली होती. रात्रभर वारा सुटला होता. सकाळी आठ वाजता बाईंनी कंडक्टरजवळ काकांसाठी चिठ्ठी दिली: 'त्या दिवशी भावानं दुरुस्ती तुमच्या हातात दिली होती का? कृपया लगेच कळवा.' मग पळत टपाल कचेरीत. फोन उचलला तर खरखरही नाही. कुठंतरी तार तुटली होती. पोस्टमास्तर म्हणाले, संध्याकाळपर्यंत होईल.

संध्याकाळपर्यंत!

अकरा वाजले, एक वाजला. बाई दहा वेळा टपाल कचेरीत जाऊन आल्या. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला त्यांनी भलतंच पुस्तक दिलं. तोही तेच घेऊन गेला. काकांचं उत्तर येणार ते साडेचारच्या बसनं, आणि पडद्यावरची वेळ संपणार ती साडेचारलाच. आईनं आज नवी साडी नेसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

चार वाजता आजोबा उठले. नेहमी पाचला उठणारे. "मी निघतो," म्हणाले. दारात थांबले. "मी तेव्हा 'हो' दाबलं होतं, बाई. सगळं गेलं माझं." आणि गेले.

चार वाजून अठरा मिनिटं. नवव्या रांगेत खोकला आला नाही. तो आज सकाळपासूनच आला नव्हता. आता तो तिथं नाही, तो बसमध्ये आहे, हे बाईंना कुणीही न सांगता कळलं.

चार बावीस.

दुरुस्ती पोचली असती तर काका तीन वर्षांत एकदा तरी बोलले असते. बोलले असते का? बाईंनी कधी विचारलंही नव्हतं. त्या दिवसाबद्दल बोलायचं म्हटलं की त्याच विषय बदलायच्या. त्यांना आठवत होतं ते एवढंच: त्या दिवशी आपण 'हो' दाबलं, आणि थांबलं. ते बोट हेच. 'नाही' दाब, असं तो दोनदा सांगून गेला होता. दोनदा सांगून गेला होता, तायडे, लक्षात ठेव.

चार पंचवीस.

"नाही रे, नाही थांबवायचं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "ये तू. नाही थांबवायचं."

त्यांनी 'नाही' दाबलं.

पडदा रिकामा झाला. पंखा एकदा जोरात फिरला आणि बंद पडला.

मग वळणावरून बसचा आवाज आला. बाई चप्पल न घालता बाहेर धावल्या. बस आली, तोंड फिरवलं, थांबली. दार उघडलं. तीन माणसं उतरली. चौथा कंडक्टर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"होता, बाई," तो म्हणाला. "आईशपथ होता. मागच्या सीटवर. मी बोललो त्याच्याशी. तायडी वाचनालयातच असेल ना, असं विचारलं त्यानं. मी हो म्हटलं. शेवटचं वळण घेतलं, मी पुढं बघितलं, मागं बघितलं. एवढंच."

"कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली असतील."

त्यानं खिशातून काकांची चिठ्ठी काढून दिली. बाईंनी ती उघडली. काकांचं अक्षर मोठं होतं, चालत्या बसच्या धक्क्यांतही वाचता येईल असं.

'हो, त्यानं दुरुस्ती त्याच दिवशी दिली होती. तेव्हापासूनच्या सगळ्या सीड्यांत आहे. आता हो म्हणजे चालू. बिनधास्त हो दाबा.'

आई दारात आली होती. भिंतीला एक हात, दुसऱ्या हातानं पदर सारखा करत.

"आला का गं?"

बाई वळल्या आणि वाचनालयात शिरल्या. कपाटामागे छत्री नव्हती. टेबलावर ठेवलेलं चष्म्याचं घर नव्हतं. पडदा पुन्हा उजळला होता आणि त्यावर एक ओळ आली होती.

'आपण सांगितल्याप्रमाणे आणणं थांबवलं आहे.'

खाली एकच बटण होतं. 'ठीक आहे.'